चिनी व्यापाऱ्यांच्या घरांतलं कोरीवकाम: प्रदेश ओळखायचा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चीनमधल्या जुन्या व्यापारी घरांचे फोटो पाहिले की सगळीकडे तीच वटवाघळं, तीच कमळं, तेच दाढीवाले दरबारी दिसतात. मग आन्हुइ, शान्शी, ग्वांगदोंग अशा प्रदेशांच्या शैली खरंच वेगळ्या आहेत का? आणि ह्वांगशान (आन्हुइ) व पिंगयाओ (शान्शी) या दोन्ही ठिकाणी जायचं ठरलंय, तर त्या ओळखायच्या कशा?

मी जुन्या लाकडी इमारतींच्या जतनाचं काम करते. सुरुवात आपल्याकडच्या वाड्यांपासून झाली आणि त्याच ओढीने पुढे चिनी घरांकडे वळले. म्हणून उत्तर सुतार-पाथरवटांच्या बाजूने देते, कलासमीक्षेच्या बाजूने नाही.

शैली वेगळ्या आहेत, चांगल्याच वेगळ्या. फक्त त्या चित्रांच्या विषयात शोधू नका. विषय बहुतेक देशभर एकच होते, कारण नाटकं तीच, कथा त्याच आणि शुभचिन्हंही तीच. वटवाघूळ (तिकडे ते शुभ मानतात) उत्तरेच्या भिंतीवर आहे तसं दक्षिणेच्या तुळईवरही आहे. त्यावरून प्रदेश सांगू पाहाल तर हमखास चुकाल. त्याऐवजी कोरीवकाम कशावर केलंय ते पाहा. लाकूड, वीट, दगड की फुटक्या चिनी मातीचे तुकडे? मग ते घराच्या कुठल्या भागावर आहे, रंग किंवा सोनं चढवलंय का, आणि (हे लोक बहुधा विसरतात) ते कुणाकडे तोंड करून आहे, हे पाहा. एवढं पाहिलंत की पाटी न वाचताही प्रदेश सांगता येतो.

सगळ्यात जास्त लिहिण्यासारखं हुइझोऊबद्दल आहे, म्हणून तिथून सुरू करते. हुइझोऊ म्हणजे आन्हुइ प्रांताचा दक्षिणेकडचा डोंगराळ टापू. १९८७ पासून त्याच्या बहुतेक भागाला ह्वांगशान म्हणतात. जुन्या सहा तालुक्यांपैकी वूयुआन आता शेजारच्या जियांगशी प्रांतात आहे, पण घरं त्याच घडणीची आहेत. तिकीट काढताना एक जपा: ग्वांगदोंगमध्येही हुइझोऊ नावाचं मोठं शहर आहे, त्याचा या घरांशी काही संबंध नाही.

या टापूत डोंगर फार आणि शेतजमीन थोडी. मागच्या जन्मी पुण्य केलं नाही म्हणून हुइझोऊत जन्माला आलो, तेरा-चौदाव्या वर्षी बाहेर फेकले गेलो, अशा अर्थाची तिथली म्हण आहे. ही पोरं बाहेर पडली आणि मीठ, चहा, इमारती लाकूड, गहाणवटीची दुकानं यांत पैसा मिळवून मोठी झाली. त्यातले मिठाचे व्यापारी यांगझोऊसारख्या शहरांत राहिले. घर मात्र गावी बांधायचं, अशी रीत होती. मालक वर्षानुवर्षं बाहेर आणि घरात बायका, मुलं, म्हातारी माणसं. म्हणजे घराने मालकाच्या गैरहजेरीत त्याची पत सांगायची आणि मुलांना वळणही लावायचं.

पत दाखवायला वाव किती होता? मिंग राजवटीच्या १३९३ च्या नियमानुसार सामान्य प्रजेच्या घराला तीन खणांपेक्षा जास्त रुंदी नाही, वळचणीखाली अनेक थरांच्या टेकूंची रचना नाही आणि रंगकामही नाही. कितीही श्रीमंत झाला तरी व्यापारी सामान्य प्रजेतच मोडायचा. रुंदी वाढवता येत नाही, रंग लावता येत नाही, मग पैसा गेला छिन्नीच्या खोलीत. फक्त कायद्यामुळे हे घडलं असं मी म्हणणार नाही. त्या भागात वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि अशा हवेत नुसतं टुंगच्या झाडाच्या बियांचं तेल पाजलेलं उघडं लाकूड टिकाऊ ठरतं. कापूरवृक्ष, गिंको, चिनी फर अशी लाकडं तिथे मिळायची, कारागीरही तिथलेच होते. तरी मिंगनंतरच्या छिंग राजवटीत बंधनं सैल झाल्यावरही हुइझोऊच्या घरांत लाकूड बहुतेक उघडंच राहिलं, यावरून ती सवय आता आवड झाली होती हे कळतं.

बाहेरून पाहिलंत तर घर म्हणजे उंच पांढरी भिंत, वर टप्प्याटप्प्याने उतरणाऱ्या आगरोधक भिंतींची काळी कौलं, आणि सगळं कोरीवकाम एकाच जागी गोळा झालेलं: मुख्य दारावरच्या विटेच्या छत्रीत, म्हणजे दारावर पुढे आलेल्या छोट्या छपरात. विटेवरचं हे काम जवळून नक्की पाहा. आपल्याला लाल वीट माहीत आहे, ही राखाडी असते. भाजणी संपत आली की भट्टी बंद करून वरून पाणी सोडतात. आत वाफ कोंडते, हवा शिरत नाही, आणि मातीतल्या लोहाचा लाल रंग न येता निळसर राखाडी येतो. कोरायच्या विटेची माती आधी पाण्यात धुऊन, गाळ बसवून, खडे काढून तयार केलेली असते. भाजून झाल्यावर कारागीर वीट वाजवून पाहतो. आवाज बद्द आला तर आत चीर आहे, ती बाजूला. चांगल्या विटेचा चेहरा पाण्याने घासून सपाट करतात, त्यावर नक्षी उतरवतात आणि मग दोन टप्प्यांत काम होतं. पहिल्यात उस्ताद मोठे आकार मोकळे करतो: डोंगर कुठे, मंडप कुठे, माणूस किती पुढे. दुसऱ्यात बारीक छिन्न्यांनी चेहरे, खिडक्यांच्या जाळ्या, पानांच्या शिरा काढतात. कुठे भोक पडलं किंवा टवका उडाला तर विटेचीच पूड कालवून भरतात.

आता युक्ती सांगते. एक अखंड प्रसंग कितीतरी विटांवर पसरलेला असतो, पण सांधा चटकन दिसत नाही. तो शोधा. झाडाच्या बुंध्याच्या कडेला, मंडपाच्या खांबाच्या सावलीत किंवा खडकाच्या कपारीत लपवलेला असतो. सांधा चेहऱ्यावरून गेला असेल तर काम दुय्यम हाताचं किंवा नंतरच्या दुरुस्तीचं समजा. मिंग काळातल्या छत्र्यांवर उठाव बेताचा आणि रेषा ठसठशीत असतात. छिंग काळात थरामागे थर येतात, आणि पुढच्या माणसाच्या मागे मंडप, मंडपाच्या खिडकीआड आणखी एक माणूस अशी गर्दी होते. मला स्वतःला मिंग काळातलं काम जास्त आवडतं. विटेचं वीटपण त्यात शिल्लक राहतं.

आत गेलात की छोटा, उंच, विहिरीसारखा चौक लागतो. चारी छपरांचं पाणी त्यातच उतरतं आणि घराची लक्ष्मी घरातच राहते असं तिथले लोक मानतात. पण कोरीवकाम समजायचं असेल तर पाण्यापेक्षा उजेडाकडे पाहा. खिडक्या जवळजवळ नाहीत, उजेड फक्त वरून येतो. त्यामुळे जी लाकडं चौकाकडे तोंड करून आहेत त्यांवरच खरं काम आहे: तुळयांची टोकं, टेकू, माडीचे कठडे आणि दारांच्या झडपा. झडपेचा वरचा भाग जाळीचा आणि खालचा बहुतेक साधा असतो. मधल्या आडव्या फळीवर मात्र संपूर्ण नाटक कोरलेलं असतं, कारण ती बसलेल्या माणसाच्या नजरेच्या रेषेत येते. उंच तुळईवरची माणसं किंचित पुढे झुकलेली कोरतात, म्हणजे खालून पाहणाऱ्याला चेहरे दिसतात. मुख्य तुळई मधे फुगीर आणि टोकांना निमुळती असते, तिला तिकडे कोहळ्याची तुळई म्हणतात. नक्षी फक्त टोकांना असते, फुगीर पोट मोकळं सोडतात. वजन पेलणाऱ्या मधल्या भागाला छिन्नी लावायची नाही, हे सुतारकामाचं शहाणपण त्यात आहे.

होंगत्सुन गावातलं चेंगजी-थांग हे घर चुकवू नका. मिठाचे व्यापारी वांग दिंगग्वेई यांनी ते १८५५ च्या सुमारास बांधलं. पुढच्या दालनाच्या तुळईवर थांग राजवटीचा सम्राट सुझोंग अधिकाऱ्यांना मेजवानी देतोय असा प्रसंग आहे. पाटी वाचून पुढे जाऊ नका. कुणी वाद्य वाजवतंय, कुणी पटावर बसलंय, कुणी चित्र उलगडून पाहतंय. आणि कडांना पाहा: एका बाजूला चहाचं पाणी तापवणारा माणूस आहे, दुसऱ्या बाजूला एक महाशय न्हाव्याकडून कान कोरून घेताहेत. दरबाराच्या मेजवानीत कान कोरणं घालायचं सुचलं त्या कारागिराला लोकांकडे पाहायची सवय होती. हे सगळं एकाच लाकडात आहे, माणसांमागून हवा खेळते एवढं खोल. याच घरात बाजूच्या दारांवरची चौकट व्यापार या अर्थाच्या अक्षराच्या आकाराची केली आहे. त्या दारांतून येणारा कुणीही त्या अक्षराखालूनच जायचा.

शेजारच्या शीदी गावात दगडाचं काम पाहा. तिथल्या पश्चिम बागेत दोन खिडक्या आहेत, एकीत पाइनवृक्ष आणि खडक, दुसरीत बांबू आणि प्लमचा मोहोर, दोन्ही दगडात आरपार कोरलेल्या. यी तालुक्याचा काळसर निळा दगड घट्ट असतो, म्हणून इतकी नाजूक जाळी त्यात उतरते. शीदी आणि होंगत्सुन २००० मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आली, त्यामुळे गर्दी असतेच.

या गावांत बऱ्याच फळ्यांवर माणसांची मुंडकी छाटलेली दिसतील. तो सांस्कृतिक क्रांतीचा, म्हणजे माओच्या राजवटीतल्या जुन्या गोष्टी मोडून काढण्याच्या मोहिमेचा काळ. काही ठिकाणी घरच्यांनी कोरीवकामावर चिखल लिंपून किंवा घोषणा रंगवून ते वाचवलं. छाटलेली मुंडकी पुन्हा बसवू नयेत, या मताची मी आहे. नवा चेहरा कितीही चांगला कोरला तरी तो आजच्या माणसाने कल्पिलेला असतो.

आता पिंगयाओकडे. शान्शी म्हणजे लोएसचं, वाऱ्याने वाहून आणलेल्या बारीक पिवळसर मातीचं, कोरडं पठार. पाऊस साधारण चारशे-साडेचारशे मिलिमीटर, हिवाळा कडक, वारा धुळीचा. मोठं लाकूड दुर्मीळ, पण माती हवी तेवढी आणि भट्टी पेटवायला दगडी कोळसा हाताशी. इथले व्यापारी मंगोलियापलीकडे रशियाच्या सीमेपर्यंत चहा नेत. पुढे त्यांनी हुंडीच्या पेढ्या काढल्या. १८२३ च्या सुमारास पिंगयाओत सुरू झालेली रिशंगचांग ही त्यातली पहिली मानतात, आणि तिची इमारत आज संग्रहालय आहे. शान्शीची मोठी घरं म्हणजे उंच, आंधळ्या विटांच्या भिंतींचे कोट. आतल्या अरुंद चौकाकडे एकाच उताराची छपरं झुकलेली. इथे कोरीवकाम वीट आणि दगडावर गेलं, आणि वाटेवर आलं. येणारा-जाणारा, नोकर, मुनीम, घरची मुलं, सगळे जिथून रोज जातात तिथे ते आहे.

दारासमोरच्या आडभिंतीपासून सुरुवात करा. छी तालुक्यातल्या चिआओ वाड्यात (बांधकामाची सुरुवात १७५६, आज ३१३ खोल्या मोजतात) मुख्य दारासमोरच्या आडभिंतीवर दीर्घायुष्याचं अक्षर शंभर वेगवेगळ्या वळणांत विटेवर कोरलंय. दोन्ही बाजूंना झुओ झोंगतांग या सेनापतीच्या ओळी आहेत, वासना आवरून नीती सांभाळण्याचा उपदेश करणाऱ्या. विटेवर अक्षरं, अक्षरांतून उपदेश, हा शान्शीचा खास बाणा. हुइझोऊत गोष्ट सांगतात, शान्शीत बजावतात. हुंडीचा धंदा विश्वासावर चालतो, पेढ्यांच्या शाखा शेकडो कोसांवर असतात, आणि तिथे पाठवलेल्या माणसाचं वळण हेच भांडवल. या भिंती मी त्या नजरेने वाचते.

मग वर बघा. दाराच्या दोन्ही बाजूंच्या भिंती जिथे वळचणीला भिडतात तिथे समोरच्या अंगाला विटेचा कोरीव ठोकळा असतो. आणि खाली बघा: दाराची झडप बिजागरीवर नाही, खालच्या दगडाच्या खोबणीत फिरते. त्या दगडाचा आतला अर्धा भाग कामाचा, बाहेरचा अर्धा शोभेचा, त्यावर ढोल, सिंह, फुलं. लिंगशी तालुक्यातल्या वांग कुटुंबाच्या वाड्यात हे दगड आणि भिंतींचे पायथे पाहायला स्वतंत्र वेळ ठेवा. मातापित्यांच्या सेवेच्या चोवीस कथांमधले प्रसंग तिथे भिंतीच्या पायाशी दगडात आहेत, लहान मुलाच्या नजरेला येतील एवढ्या उंचीवर. वांग वाड्याचा लाल दरवाजाचा कोट १७३९ ते १७९३ या काळातला, तर गाओजियाया हा भाग १७९६ ते १८११ मधला. दोन्ही एकाच दिवशी पाहिलेत तर दुसऱ्या भागात नक्षी किती दाटली ते लगेच जाणवेल. तोवर घराण्यात सरकारी हुद्दे आले होते.

शान्शीत लाकूडकाम नाही असं नाही. दाराच्या पुढच्या वळचणीखाली लटकती लाकडी झालर असते, द्राक्षवेली आणि फुलांची. ती बहुतेक रंगवलेली, कुठे सोनं लावलेली. हवा कोरडी असल्याने रंग टिकतो. पण उठाव ढोबळ, लांबून पाहण्याजोगा. जवळ जाऊन बघण्यासारखं काम विटेवर आणि दगडावरच आहे.

विटेच्या कामाबद्दल एक तांत्रिक मुद्दा इथेच सांगते. विटेवर नक्षी दोन प्रकारे येते: भाजून झाल्यावर छिन्नीने कोरून, नाहीतर कच्च्या मातीत हाताने किंवा साच्यात घडवून मग भाजून. पश्चिमेला गान्सूमधल्या लिनशियाचे कारागीर या दोन्ही पद्धतींना वेगवेगळी नावं देतात. कोरलेल्या कामाच्या कडा धारदार असतात आणि खोलगट भागात छिन्नीच्या रेघा दिसतात. घडवलेल्या कामाच्या कडा गोलसर असतात आणि पाकळ्या बोटाने दाबल्याच्या खुणा राहतात. कौलांच्या कण्यावरची फुलं, प्राणी बहुतेक घडवलेले असतात, दारावरचे प्रसंग बहुतेक कोरलेले. दोन्ही पद्धतींना तोलाचं कसब लागतं, पण ते वेगळं कसब आहे, आणि फोटो पाहताना लोक तिथेच गफलत करतात.

यांगत्सेच्या खालच्या खोऱ्यातल्या शहरांबद्दल थोडक्यात सांगते. सुझोऊत विटेची कोरीव द्वारं हुइझोऊसारखीच बारीक आहेत, पण ती घराच्या आत तोंड करून असतात. रस्त्याच्या बाजूला भिंत साधी. पाहुणा आत येऊन दालनात बसला की समोर ते काम दिसतं. हुइझोऊचं दार गावाला दाखवायचं, सुझोऊचं दार घरच्यांनी आणि पाहुण्यांनी पाहायचं. कोरीवकाम कुणाकडे तोंड करून आहे ते पाहा असं वर म्हटलं ते यासाठीच. सुझोऊजवळच्या दोंगशानमध्ये सूतव्यापारी जिन कुटुंबाने १९२२ ते १९२५ मध्ये बांधलेलं ‘कोरीव माडी’ म्हणून ओळखलं जाणारं घर आहे. तिथे जागा मोकळी सोडलेलीच नाही. कसब निर्विवाद आहे, पण मला ते घर दमवतं. नानशुनच्या रेशीमव्यापाऱ्यांनी याच परंपरेत फ्रेंच रंगीत काच आणि पाश्चात्त्य दिवाणखाने मिसळले, ते मला जास्त जिवंत वाटतं.

झेजियांगमधल्या दोंगयांगचे सुतार फिरतीवर असत, त्यामुळे त्यांचा हात अनेक जिल्ह्यांत सापडतो. त्यांची ओळख दोन गोष्टींवरून पटते. एक म्हणजे वळचण पेलणारा जाड टेकू, ज्याला तिकडे बैलाचा पाय म्हणतात. आपल्या वाड्यातल्या हस्ताच्या जागी तो असतो, पण त्यावर अख्खा सिंह, हरीण किंवा देवता स्वार झालेली. दुसरी म्हणजे फळीवरचा सपाट उठाव: खोली थोडी, पण मागचा डोंगर वर आणि पुढचा माणूस खाली अशी मांडणी करून एकही आकृती दुसरीआड लपू न देणं. लाकूड उघडं, रंग नाही. तेव्हा हुइझोऊच्या एखाद्या घरात असा हात दिसला तर गोंधळू नका. कारागीर डोंगर ओलांडून येत होते. प्रदेशाची शैली म्हणजे काटेकोर सीमारेषा नव्हे.

दक्षिणेला ग्वांगदोंगच्या किनाऱ्यावर चाओझोऊला पोचलात की सगळं पालटतं, कारण इथे लाकडावर सोनं आहे. इथले व्यापारी समुद्रावरचे, सयाम, मलाया, सिंगापूरपर्यंत जाणारे. पेकिंगचा दरबार दूर, पैसा परदेशी, आणि जुने निर्बंध इथे फारसे कुणी मनावर घेतलेले दिसत नाहीत. लाकूड कापराचं: बारीक रेषेचं, कीड न लागणारं, कुठल्याही दिशेने कोरलं तरी सहसा न तडकणारं. कारागीर जाड फळी दोन्ही बाजूंनी आरपार पोखरत जातात आणि तिच्यात तीन-चार थर उभे करतात. झिगझॅग वाटेवर एकाच फळीत गोष्टीचे अनेक प्रसंग येतात. वाटेच्या वळणावर तोच नायक पुन्हा भेटतो. मग लॅकरच्या झाडाचा चीक लावतात आणि तो चिकट असतानाच सोन्याचा वर्ख बसवतात. हा चीक उन्हात सुकून कडक होत नाही, त्याला उबदार, दमट हवाच लागते. चाओझोऊची हवा नेमकी तशी आहे. कोरड्या शान्शीत हेच काम करायचं तर दमट खोली मुद्दाम तयार करावी लागेल.

चाओझोऊची ओळख म्हणून खेकड्यांची टोपली पाहा. बांबूची विणलेली टोपली, विणीच्या भोकांतून आत-बाहेर करणारे खेकडे आणि कोळंबी, सगळं एकाच लाकडातून कोरलेलं. आतला खेकडा बाहेरून छिन्नी घालून घडवलेला असतो. तुळईखालच्या टेकूंना हे शिल्प बऱ्याचदा असतं. समुद्रावर पोट असलेल्या लोकांनी आपल्या घरात दरबाराइतकाच मान खेकड्याला दिला, याचं मला फार कौतुक वाटतं. ग्वांगझोऊच्या ग्वांगदोंग संग्रहालयात चाओझोऊच्या लाकूडकामाचं स्वतंत्र दालन आहे. गावापर्यंत जाता आलं नाही तर तिथे तरी जा.

चाओझोऊच्या चाओआन भागातल्या जिन्शा गावात मलायातल्या जोहोरमध्ये मिरी आणि गँबियरच्या (कातासारखा अर्क देणाऱ्या वेलीच्या) मळ्यांवर श्रीमंत झालेल्या चेन शूनियान यांनी बांधलेलं कुलमंदिर आहे. काम १८७० मध्ये सुरू झालं, १८८३ मध्ये संपलं. दाराच्या दगडी फळ्यांवर शेतकरी, कोळी, लाकूडतोड्या, अभ्यासक आहेत, आणि एका बैलाची वेसण दगडात सुटी, बारीक दोरीइतकी कोरलीय. ती कोरताना सारखी तुटायची आणि त्या हायेने एकामागून एक तीन उस्ताद गेले, अशी दंतकथा गावात सांगतात. दंतकथा खरी असो वा नसो, ती दोरी पाहिल्यावर ती का जन्मली हे कळतं. याच गृहस्थांनी सिंगापूरमध्येही घर बांधलं. तिकडे त्यांना तान येओक नी म्हणतात. १८८० च्या दशकातलं ते घर क्लेमेन्सो मार्गाजवळ आजही उभं आहे आणि राष्ट्रीय स्मारक आहे. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना चाओझोऊच्या घराची घडण निदान बाहेरून तरी पाहता येईल. आत प्रवेश आहे का ते आधी विचारून घ्या.

या किनाऱ्यावर छपरांच्या कण्यांवर रंगीत चिनी मातीचे तुकडे बसवलेली फुलं आणि योद्धे दिसतात. ते काम कोरीव नाही, चिमट्याने तुकडे तोडून चुन्यात बसवण्याचं आहे. खारा वारा आणि वादळी पाऊस यांत लाकूड कुजतं, रंग उडतो. चकाकीच्या मातीला काही होत नाही. पेनांगच्या चिनी वाड्यांवर हेच काम दिसतं.

अमेरिकेत बॉस्टनच्या आसपास असणाऱ्यांसाठी एक पत्ता: सेलमच्या पीबडी एसेक्स संग्रहालयात शिउनिंग तालुक्यातल्या ह्वांग कुटुंबाचं अख्खं घर, यिन यू थांग, सुटं करून नेऊन पुन्हा उभारलंय. २००३ पासून ते खुलं आहे. हुइझोऊचं मध्यम ऐपतीचं व्यापारी घर कसं असायचं हे त्यातून कळतं. चेंगजी-थांगसारखी घरं अपवाद होती, हे ध्यानात राहायला ते बरं.

नवं-जुनं कसं ओळखायचं, हेही तुम्हाला विचारायचं असणारच. आज फिरत्या पात्याच्या संगणकी यंत्राने कोरलेल्या फळ्या सर्रास बसवल्या जातात. शेजारच्या दोन फळ्यांवरचं तेच पान तंतोतंत सारखं दिसलं, खोल कोपरे धारदार असायच्या ऐवजी एकाच मापात गोल आले, आणि मागची जमीन काचेसारखी सपाट असली तर ते यंत्राचं. हाताच्या कामात जमीन किंचित लहरते, आणि जोडीच्या फळ्यांवर डावी-उजवी कधीच पुरती जुळत नाही. वापराची झीजही पाहा: जुन्या झडपेचा हात लागणारा भाग गुळगुळीत असतो आणि वरच्या कोपऱ्यात काजळी. झीज सगळीकडे सारखी असेल तर ती मुद्दाम आणलेली आहे.

दुकानांत अशा सुट्या फळ्या विकायला असतात. घेऊ नका. जुन्या असतील तर त्या कुठल्यातरी घरातून उपटलेल्या आहेत, आणि १९११ पर्यंतच्या वारसामूल्य असलेल्या वस्तू देशाबाहेर न्यायला तिथल्या नियमांनुसार साधारणपणे बंदी आहे.

प्रवासाचा क्रम विचाराल तर आधी शान्शी आणि मग ह्वांगशान ठेवा. विटेवर नजर तयार झाली की हुइझोऊच्या दारावरचं बारीक काम लवकर उलगडतं. उलट गेलात तर शान्शीचं काम उगाच ढोबळ वाटेल. होंगत्सुनमध्ये गावातच मुक्काम करा, म्हणजे सकाळी पहिल्या गटांच्या आधी चेंगजी-थांगला पोचता येईल. पण तुळई नीट पाहायला ऊन चौकात उतरेपर्यंत थांबावं लागतं, म्हणून दुपारी पुन्हा एकदा जा. छोटी दुर्बीण जवळ ठेवा. फ्लॅश वापरू नका, समोरून उजेड पडला की उठाव सपाट दिसतो. फोटो हवाच असेल तर चौकाकडे पाठ न करता बाजूला उभं राहून घ्या.